आंबटाचा मुलूख

जिभेला विचाराल तर आंबट ही एकच गोष्ट आहे. चिंच, लिंबू, कैरी, दोन दिवस राहिलेलं ताक, पुढ्यात काहीही येवो, तिला कळतो तो फक्त हायड्रोजनचा आयन. विश्वातला सगळ्यात साधा अणू, आणि त्यातलाही इलेक्ट्रॉन हरवलेला! जिभेवरच्या काही पेशींच्या भिंतीत या आयनापुरतीच एक वाट असते. तो आत शिरला की पेशी मेंदूला कळवते, ‘आंबट’. ही वाट कोणत्या प्रथिनाची, हे शास्त्रज्ञांना २०१८-१९ मध्ये उलगडलं. त्या प्रथिनाचं नाव ओटॉप-१. माणूस हजारो वर्षं आंबट खाऊन तोंड वेडंवाकडं करतोय, आणि ते नेमकं कुठे कळतं हे सापडलं अगदी काल-परवा!

मग डोळे मिटून चाखलं तरी चिंच आणि लिंबू आपण ओळखतो कसे? कारण आंबटपणा एकटा कधीच येत नाही. आम्लाचा जो बाकीचा भाग असतो, त्याचे गुण निराळे. व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल इतकं लहान आणि उडतं, की घास तोंडात जायच्या आधीच ते नाकात पोचतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल मात्र जागचं हलत नाही. चिंचेचा कोळ कितीही उकळा, नाकाला झोंबणार नाही. शिवाय प्रत्येक फळाचे स्वतःचे वास असतात, ते वेगळेच. जीभ ‘आंबट’ एवढंच सांगून मोकळी होते. कोणतं आंबट हे ठरवायला नाक लागतं.

आता कल्पना करा, अख्ख्या देशाने स्वयंपाक या एकाच चवीच्या भोवती रचलाय. सात हजार सहाशे एकेचाळीस बेटांचा देश, फिलिपिन्स. घरच्यांसाठी काही तरी नवीन करावं म्हणून मी तिथल्या घरगुती जेवणाच्या नादी लागले आणि या आंबटाच्या मुलखात शिरले. तिथे प्रश्न ‘आंबट घालायचं का?’ असा नसतोच. प्रश्न असतो, ‘आज कोणतं?’

सुरुवात करावी ती सिनिगांगपासून. हे आंबट, पातळ कालवण. दादरच्या मंडईत पिशवी घेऊन जा आणि यादी वाचा : मुळा, भेंडी, वांगं, चवळीच्या लांब शेंगा, अळकुड्या, हिरव्या मिरच्या, टोमॅटो, कांदा आणि नाळीची पालेभाजी. यातलं आपल्याला परकं काय आहे? काहीच नाही. तिकडे यात डुकराचं मांस, कोळंबी किंवा मासा घालतात; नुसत्या भाज्यांचंही झकास होतं. पण करण्याची रीत बघून आपण बुचकळ्यात पडतो. बहुतेक घरांत फोडणी नाही, तेल नाही, हळद नाही, मसाला नाही. पाण्याऐवजी पातेल्यात जातं ते तांदळाचं धुवण! आपण जे मोरीत किंवा तुळशीत ओततो, तेच. त्यात उतरलेल्या पिठामुळे रसाला जरा अंग येतं आणि आंबटाची धार बोथट होते. उरलेलं काम अळकुड्या करतात. त्या कडेने विरघळत जातात आणि पातेलं दुधाळ होतं.

आणि मग आंबट. चिंचेचे हिरवे, कच्चे आकडे सालासकट उकळायचे, मऊ झाले की कुस्करायचे, गाळायचे. पिकल्या चिंचेच्या कोळाला जो गडद, गोडसर सूर असतो तो यात नाही. हे आंबट स्वच्छ, हिरवं, थेट. दुसऱ्या घरात चिंचेऐवजी कामियास जाईल. कामियास म्हणजे कोकण-गोव्यातलं बिंबल, झाडाच्या खोडालाच लगडणारं ते हिरवं, रसाळ फळ. इलोइलोकडे बातवान नावाचं फळ घालतात. ते कोणत्या कुळातलं, सांगू? आपल्या कोकमाच्या! कुठे कैरी, कुठे सांतोल, कुठे चिंचेचा कोवळा पाला. आणि कुठे चक्क पिकलेला पेरू. पेरूचं सिनिगांग गोडसर, सुवासिक आणि जेमतेम आंबट असतं. मासा घालून केलेलं ते कालवण खाल्लं की आपल्या डोक्यातली ‘फळ’ आणि ‘भाजी’ ही वाटणीच ढासळते. हल्ली तिथल्या शहरांत पाकिटातली तयार पूडही सर्रास वापरतात. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. कामावरून सात वाजता घरी आलेल्या माणसाने चिंचा कुस्करत बसावं असा आग्रह कोण धरणार?

पण सिनिगांग हा आंबटाचा सौम्य चेहरा. खरी गंमत व्हिनेगरची.

आपल्याकडे व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या गाडीवरची मिरच्या बुडवलेली बाटली. किराणा दुकानातल्या स्वस्त बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं छापलेलं असतं, म्हणजे कारखान्यातलं अॅसेटिक आम्ल पाण्यात मिसळलेलं. फिलिपिन्समधलं व्हिनेगर माडावरून येतं. किंवा खाडीकाठच्या निपा नावाच्या पामापासून, किंवा उसापासून. माडाचं कसं होतं ते जवळून बघू या.

माडाची पोय उमलण्याआधीच ती दोरीने घट्ट बांधतात आणि टोक छाटतात. झाडाने नारळ धरण्यासाठी वर पाठवलेला गोड रस त्या जखमेतून थेंब थेंब ठिबकू लागतो. तो बांबूच्या नळकांड्यात धरायचा. जखम बुजू नये म्हणून माणूस दिवसातून दोनदा वर चढतो आणि टोकाची कागदाएवढी पातळ चकती कापतो. कोकणात भंडारी आणि गोव्यात रेंदेर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. फिलिपिन्सच्या केसोन प्रांतात मात्र एक भन्नाट प्रकार आहे : तिथे माडांच्या शेंड्यांना बांबूचे पूल बांधतात! एकदा चढायचं आणि मग जमिनीपासून तीन-चार मजले उंचीवर या माडावरून त्या माडावर चालत जायचं.

त्या रसात साखर साधारण पंधरा टक्के. हवेतलं यीस्ट त्याच्यावर तुटून पडतं. काही तासांत फेस, संध्याकाळपर्यंत माडी. तिकडे तिला तुबा म्हणतात. यीस्टने साखर खाल्ली आणि अल्कोहोल टाकलं. आता दुसरी पलटण येते, अॅसेटोबॅक्टर जातीच्या जिवाणूंची. यांना हवा लागते, म्हणून ते पृष्ठभागावर ठाण मांडतात, अल्कोहोल खातात आणि अॅसेटिक आम्ल टाकतात. काही आठवड्यांत माडीचं व्हिनेगर! एकाने टाकलेलं ते दुसऱ्याचं अन्न, आणि दुसऱ्याने टाकलेलं ते आपल्या जेवणातलं. यात माणसाचं काम काय? भांडं उघडं ठेवणं आणि घाई न करणं.

१५२१ च्या मार्चमध्ये मॅगेलनची जहाजं या बेटांना लागली तेव्हा त्यांच्यावर आंतोनिओ पिगाफेत्ता नावाचा एक चौकस इटालियन होता. त्याने माडाबद्दल लिहून ठेवलं आहे : दारू, तेल, दूध, व्हिनेगर सगळं या एका झाडापासून, आणि दोन माडांवर दहा माणसांचं कुटुंब चालतं. हा माणूस अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आला होता, आणि चकित झाला तो एका झाडाने.

माडीचं व्हिनेगर करणाऱ्या त्या जिवाणूंचा आणखी एक चमत्कार सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्यातली एक जात आंबलेल्या नारळपाण्यावर राहते आणि साखरेचे कण जोडून जोडून सेल्युलोज विणते. कापूस ज्याचा बनतो तेच सेल्युलोज! काही दिवसांत भांड्यावर पांढरी, जाड, चिवट साय धरते. तिचे चौकोनी तुकडे करून, धुऊन, पाकात उकळले की ‘नाता दे कोको’ तयार. मॉलमध्ये जेलीच्या डबीत मिळणारे ते पांढरे, दाताखाली करकरणारे तुकडे माहीत आहेत ना? तेच. १९४९ मध्ये तेओदुला कालाव आफ्रिका या फिलिपिनो रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हा पदार्थ विकसित केला. आणि जिवाणूंनी विणलेलं हेच सेल्युलोज इतकं हलकं आणि ताठ असतं, की सोनी कंपनीने १९८९ मध्ये त्याचे पडदे बसवलेले हेडफोन बाजारात आणले होते. व्हिनेगरच्या सायीतून गाणं!

ही माडी पुढे प्रवासालाही निघाली. १५६५ ते १८१५, तब्बल अडीचशे वर्षं, मनिला आणि मेक्सिकोतलं आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती. पूर्वेकडे जायला महिनोन्‌महिने लागत, हाल कुत्रा खाणार नाही असे, आणि पलीकडे पोचलेले फिलिपिनो खलाशी पुष्कळदा परत फिरतच नसत. तिथल्या किनाऱ्यावर माड लावून ते माडी काढत बसले. १६१९ मध्ये सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानाने राजाकडे तक्रार केली, की हे लोक अशी माडी पाजत राहिले तर इथलं कुणी स्पेनची वाइन पिणार नाही. सगळ्यांना परत धाडा आणि त्यांच्या माडांच्या बागा जाळा. जाळून काय होणार? मेक्सिकोच्या कोलिमा शहरात तुबा आजही विकतात, वर शेंगदाणे घालून.

उलट्या दिशेने आलेल्या मालाची यादी वाचली की वाटतं, याआधी ही माणसं जेवत तरी काय होती! मिरची, टोमॅटो, पपई, मका, पेरू, शेंगदाणा, चिकू. (हो, डहाणू-घोलवडच्या चिकूचं माहेरही तिकडेच, मेक्सिकोच्या बाजूला.) मघाचं ते पेरूचं सिनिगांग आठवा. मासा बेटांचा, तांदूळ आशियाचा, पेरू आणि टोमॅटो अमेरिकेचे. साधं घरगुती कालवण म्हणून वाढलेल्या वाटीत निम्मी पृथ्वी असते.

आता अदोबो. फिलिपिन्सचं सगळ्यात लाडकं घरगुती जेवण, आणि कृती म्हणाल तर हसू येईल इतकी सोपी. अर्धा किलो चिकन, अर्धी वाटी व्हिनेगर, पाव वाटी सोया सॉस, लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, मिरीचे दाणे, एक-दोन तमालपत्रं, थोडं पाणी. सगळं एकत्र, मंद आचेवर. बस्स. (त्यांचं तमालपत्र लॉरेलचं, आपलं दालचिनीच्या कुळातलं, वास निराळा येतो, पण बिघडत काही नाही.)

मात्र एक नियम तिथली प्रत्येक आजी सांगते : व्हिनेगर घातल्यावर उकळी फुटेपर्यंत ढवळायचं नाही, झाकण घालायचं नाही. का? म्हणे कच्चा वास राहतो. यात तथ्य किती? अॅसेटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणजे सगळं आंबट उडून जाणं शक्यच नाही. पण वाफेबरोबर थोडं थोडं निसटत राहतं, आणि भांडं उघडं असेल तर नाकाला झोंबणारी पहिली लाट निघून जाते. उरलेल्या आंबटाची समजूत काढायला मग मांसच पुढे येतं. मांसातल्या चिवट धाग्यांमधलं कोलॅजन आच आणि आम्ल लागलं की सुटतं आणि त्याचं जिलेटिन होतं. ते रसात उतरतं, रस ओठांना चिकटू लागतो, चरबीत लसूण मुरतो. रात्री फ्रिजमध्ये ठेवलेल्या अदोबोचं झाकण सकाळी काढून बघा : रस थिजलेला असतो, चमच्याने हलवला तर थरथरतो. आणि दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो. फ्रिज नव्हते तेव्हा हाच तर मुद्दा होता. दमट उकाड्यात मांस एका दिवसात नासतं. आम्लात आणि मिठात बहुतेक जिवाणूंची डाळ शिजत नाही.

पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या धर्मोपदेशकाने तागालोग या तिथल्या भाषेचा शब्दकोश केला, तो १६१३ मध्ये छापला गेला. त्यात या पदार्थाची नोंद आहे. नाव स्पॅनिश चिकटलं, पण व्हिनेगरमध्ये शिजवण्याची रीत बेटांवर आधीचीच. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांमुळे आला. गोव्याच्या विंदालूची गोष्ट बरोबर उलटी. तिथे लसूण-व्हिनेगरात मांस मुरवण्याची रीत पोर्तुगिजांनी आणली आणि व्हिनेगर पुरवलं ते गोव्याच्या माडाने. स्पेन आणि पोर्तुगाल हे शेजारी. त्यांची गलबतं एकमेकांकडे पाठ करून निघाली आणि दोन वेगळ्या समुद्रांवर जाऊन माडाच्याच व्हिनेगराशी थांबली!

मांस न खाणाऱ्यांनी हिरमुसू नये. नाळीच्या भाजीचा किंवा चवळीच्या शेंगांचा अदोबो तिथे घरोघरी होतो. लसूण भरपूर परतायचा, शेंगा टाकायच्या, सोया आणि व्हिनेगर ओतायचं, पाच-सात मिनिटांत ताटात. आमच्याकडे पालेभाजीला नाक मुरडणाऱ्यांनी ती वाडग्यातून पुसून खाल्ली.

आंबटाची सगळ्यात जुनी करामत मात्र विस्तवाशिवायची आहे. ताज्या माशाचे तुकडे व्हिनेगरमध्ये टाकायचे, आलं, कांदा, मिरची घालायची. पारदर्शक, गुलाबीसर तुकडा बघता बघता पांढरा पडतो, घट्ट होतो. शिजला का? प्रथिनं म्हणजे नीट गुंडाळलेले लोकरीचे गुंडे समजा. आच त्यांना उलगडते आणि एकमेकांत गुंतवते. आम्लही अगदी तेच करतं. हा किनिलाव. बुटुआन इथल्या जुन्या होड्यांच्या उत्खननात माशांच्या काट्यांसोबत ताबोन-ताबोन या फळाची कापलेली शकलं मिळाली आहेत, हजार वर्षांच्या आसपासची. मिंडानाओ बेटावर आजही किनिलाव करताना हेच फळ वापरतात. पण एक सावधगिरी : आम्लाने मासा पांढरा होतो, त्यातले जंत आणि जंतू सगळे मरतातच असं नाही. बोटीवरच्या कोळ्याला जे शोभतं ते बाजारातून तीन तास फिरून आलेल्या पापलेटला शोभत नाही. घरात लहान मुलं असतील तर हा प्रयोग वाचण्यापुरताच ठेवावा.

मुलांसाठी दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्यामागे एक विलक्षण बाई. मारिया ओरोसा. अमेरिकेत सिअॅटलच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकल्या आणि मायदेशी परतल्या. तेव्हा फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं, आणि टोमॅटो केचप बोटीने अमेरिकेतून यायचं. ओरोसांनी भोवताली पाहिलं : केळी! ढिगाने केळी. केळं, व्हिनेगर, साखर, मसाले, आणि डोळ्यांची फसवणूक करायला लाल रंग. केळ्याचं केचप! टोमॅटोचा त्यात लवलेशही नाही. तिथल्या मुलांच्या वाढदिवसाला जी गोड, लालभडक स्पॅगेटी होते, सॉसेजचे काप आणि वर चीज घातलेली, ती याच केचपवर उभी आहे. इटालियन माणसाला ती दाखवू नये. मुलांना मात्र जरूर खायला घालावी. घरी करणंही सोपं : पिकलेली केळी कुस्करून कांदा-लसणाबरोबर परता, व्हिनेगर, साखर, मीठ, लवंग-मिरी घाला, आटवा, वाटा. रंगाला बिटाचा रस चालतो.

पण ओरोसा केचपवर थांबल्या नाहीत. वीज नसलेल्या खेड्यांतल्या बायकांसाठी त्यांनी मातीच्या मडक्याची भट्टी बनवली. कोंड्याची बिस्किटं केली, कारण पांढराशुभ्र तांदूळ खाऊन लोकांना बेरीबेरी होत होता. जपानी कब्जाच्या काळात त्या गनिमी फौजेत कॅप्टन होत्या, आणि सोयाबीनची पौष्टिक पूड छुप्या मार्गांनी छावण्यांमधल्या भुकेल्या कैद्यांपर्यंत पोचवत होत्या. त्या पुडीने किती जण तगले! १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, मनिलाच्या लढाईत, बॉम्बगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा बळी घेतला. केचपच्या बाटलीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

एवढं सगळं शिजवून झालं तरी फिलिपिनो जेवण ताटात येतं तेव्हा पूर्ण झालेलं नसतं, आणि कुटुंबासाठी रांधणाऱ्या बाईला याहून सुखाची गोष्ट कोणती? ताटाभोवती छोट्या वाट्या मांडतात. एकीत व्हिनेगर, लसूण आणि लवंगी मिरचीसारखी तिखट लाबुयो. एकीत सोया सॉस, त्यात कालामान्सी पिळलेलं; हे गोटीएवढं लिंबू, साल हिरवी आणि आत संत्र्यासारखं केशरी. एकीत पातिस, म्हणजे माशाच्या खारवणाचं निवळ पाणी. एकीत आंबवलेल्या बारीक कोळंबीचं बागोओंग. या सगळ्याला साव्सावान म्हणतात. प्रत्येकाने आपापल्या जिभेप्रमाणे बुडवायचं, मिसळायचं, पिळायचं. आपल्याकडे कुणी वरून मीठ मागितलं तर स्वयंपाक करणारीचा चेहरा पडतो; तिकडे वरून न घेणाराच विचित्र. डोरीन फर्नांडिस या तिथल्या थोर खाद्यलेखिकेने यावर फार सुंदर लिहिलं आहे : जेवणारा हा पदार्थ घडवण्यात रांधणाऱ्याचा भागीदारच असतो. एकाच पातेल्यातून आजोबांचं मवाळ कालवण, पोरांचं गोडसर आणि सुनेचं कानातून धूर काढणारं, तिन्ही निघतात. पातेली तीन लागत नाहीत.

अशा देशात कुणी एकच अधिकृत कृती ठरवायला गेलं तर काय होईल? २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारच्या व्यापार आणि उद्योग खात्याने अदोबोचं प्रमाणीकरण करायचा बेत जाहीर केला. गहजब झाला! बिकोलवाले नारळाचं दूध घालतात, बातांगासवाले सोया सॉस सोडून हळद घालतात, कुणी नुसतं मीठ. आता काय आमचा अदोबो बेकायदा? शेवटी खात्याला खुलासा करावा लागला, की हे फक्त परदेशात ओळख करून देण्यापुरतं आहे, घरातल्या पातेल्याला कुणी हात लावणार नाही.

आमच्या सासूबाईंनी हा वाद ऐकला, अदोबोचा रस चाखला आणि कुणालाही न विचारता त्यात गुळाचा खडा टाकला. साखर घालणारी घरं फिलिपिन्समध्ये आहेतच. गूळ घालणारं एक आता ठाण्यात आहे.